पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धेत पहिला पॉइंट किती लांब असतो

समुद्रपूर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: मुलगा १७ वर्षांचा, यंदा बारावीला. तालुक्याच्या ऑफिसर्स क्लबच्या सिमेंट कोर्टवर टेनिस खेळायला शिकला, १८ वर्षांखालच्या राज्य स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. आता त्याला ‘पंधरा हजार डॉलरवाली’ आंतरराष्ट्रीय स्पर्धा एकेरीत खेळायची आहे. नाव कसं लागतं, किती सामने पडतात, रँकिंग कधी मिळतं, आणि घातलेला पैसा परत येतो का?

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. पैसा परत येत नाही. १५,००० डॉलर ऐकलं की गावात लोकांना वाटतं, जिंकणाऱ्याला बारा-तेरा लाख रुपये मिळत असतील. ती अख्ख्या स्पर्धेची रक्कम असते, दुहेरी धरून. एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर, उपविजेत्याला १,२७२, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ७५२, उपांत्यपूर्वमध्ये ४३८, दुसऱ्या फेरीत २५८, आणि मुख्य ड्रॉच्या, म्हणजे मूळ स्पर्धेच्या, पहिल्याच फेरीत गारद झालेल्याला १५६. कर कापला की त्याहून कमी. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे त्याआधीच्या पात्रता फेऱ्यांत, हरलेल्याला काहीच नाही. उलट प्रवेश फी त्याच्याच खिशातून गेलेली असते.

आता खर्चाची बाजू बघा. सेवाग्रामहून रेल्वेनं जाणं-येणं, दोन मुलांत एक खोली, जेवणखाण, रॅकेटचं गटिंग (तारा बसवणं), कोर्टापर्यंतची रिक्षा. काटकसरीनं केलं तरी देशातल्या देशात एका आठवड्याचा खर्च २५,००० रुपयांच्या खाली मी कधी बसताना पाहिला नाही. सोबत वडील असले की आणखी वाढतो. टेनिसपटू सुमित नागलनं सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की खात्यात ९०० युरो उरलेत. त्या वेळी तो एकेरीत देशात पहिला होता. पुढं चार महिन्यांनी त्यानं ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये ३१वं मानांकन असलेल्या बुब्लिकला हरवलं आणि जुलै २०२४ मध्ये जगात ६८वा झाला, ती गोष्ट वेगळी. पण पायरी चढताना त्याची ही अवस्था होती, तर आपल्या पोराचा हिशेब आपणच आधी मांडलेला बरा. या खर्चाला शिकवणीची फी समजा. परत आला तर आला.

आता स्पर्धा. पुरुषांच्या सगळ्यात खालच्या व्यावसायिक पायरीला आता एम१५ म्हणतात, तिच्या वरच्या पायरीला एम२५. आमच्या पिढीचे लोक अजून ‘फ्युचर्स’च म्हणतात. आयटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ, त्या चालवते, आपल्याकडे आयटा (अखिल भारतीय टेनिस संघटना) आणि राज्य संघटना भरवतात. एम२५ ची एकूण रक्कम २०२५ पासून ३०,००० डॉलर झाली, नाव मात्र तेच राहिलं. हे नियम फार बदलतात. २०१९ च्या सुरुवातीला या स्पर्धांचे एटीपी गुण, म्हणजे पुरुषांच्या जागतिक क्रमवारीचे गुण, जवळपास काढूनच टाकले होते, खेळाडूंनी ओरड केली तेव्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परत आणले. म्हणून कुठल्या सरांनी पाच-सात वर्षांपूर्वीचं काही छातीठोकपणे सांगितलं तर त्यावर तिकीट काढू नका. त्या स्पर्धेची फॅक्टशीट, म्हणजे माहितीपत्रक, उघडा आणि वाचा.

एकेरीचा मुख्य ड्रॉ ३२ जणांचा असतो, त्यात ८ मानांकित. साधारण २० जागा थेट भरतात. त्या क्रमवारीवर मिळतात, आणि काही जागा आयटीएफच्या ज्युनिअर यादीत पहिल्या शंभरात असलेल्या मुलांसाठी राखलेल्या असतात. ४ वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न बघता दिलेला प्रवेश, ते यजमान आणि संघटना देतात. उरलेल्या ८ जागा क्वालिफाइंगमधून. गुण असे: विजेता १५, उपविजेता ८, उपांत्य ४, उपांत्यपूर्व २, आणि शेवटच्या सोळात पोचला की १. पहिल्या फेरीत हरला की शून्य.

आता हे तुमच्या मुलाला लावून बघा. त्याला एटीपी क्रमवारी नाही, आयटीएफचीही नाही. म्हणजे मुख्य ड्रॉत थेट येण्याचा प्रश्नच नाही, क्वालिफाइंग. तो ड्रॉ ३२ चा असेल तर दोन सामने, ६४ चा असेल तर तीन, ४८ चा असेल तर मानांकितांना बाय (पहिली फेरी न खेळता पुढं) आणि याला तीन. ते सगळे जिंकला तर मुख्य ड्रॉत. तिथं पहिली फेरी जिंकला तर एक गुण. सलग तीन-चार विजय, तेही चार-पाच दिवसांत, आणि पदरात एक. तो एक गुण मिळाला की एटीपीच्या यादीत नाव येतं, अगदी तळाला, आणि ५२ आठवड्यांनी तो गुण गळून पडतो. (मुलींचं गणित वेगळं आहे. डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिलांच्या जागतिक क्रमवारीच्या, यादीत यायला तीन स्पर्धांत गुण लागतात, नाहीतर एकूण किमान १० गुण. तुमच्या शाळेतल्या कुण्या मुलीच्या घरच्यांनी विचारलं तर हे सांगा.)

म्हणून मी आमच्याकडच्या पालकांना म्हणतो, तुमच्या मुलाची खरी स्पर्धा रविवारी आणि सोमवारी असते. मंगळवारपासून पेपरात ज्यांची नावं येतात ती दुसरी स्पर्धा. घरी फोन केला की काका विचारतात, “काहून, पहिल्याच फेरीत हरला का पोट्टा?” त्यांना हे कोण समजावणार की क्वालिफाइंगच्या शेवटच्या फेरीत ६-४, ४-६, ८-१० असा हरलेला मुलगा त्या आठवड्यात काय शिकून आला. तुम्ही तरी समजून घ्या.

नाव लागण्याचा भाग कोरडा आहे, पण तिथंच आपली गावाकडची मुलं अडकतात. आधी आयपिन काढायचा, म्हणजे आयटीएफचा खेळाडू क्रमांक. त्याचं वार्षिक शुल्क असतं. त्यासोबत टीआयपीपी नावाचा, सट्टा आणि गैरप्रकारांपासून सावध करणारा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा असतो, तो मुलानं स्वतः करायचा, क्लिक-क्लिक करत वडिलांनी नाही. पासपोर्ट काढून ठेवा, स्पर्धा भारतात असली तरी. एन्ट्रीची मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीच्या गुरुवारी संपते, ग्रिनिचच्या दुपारी २ वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. नाव मागे घ्यायची मुदत १३ दिवस आधीच्या मंगळवारी, त्याच वेळेला. हे दोन वार मुलाच्या आणि तुमच्या, दोघांच्या फोनमध्ये लावून ठेवा. आपल्याकडे संध्याकाळी वीज गेली, नेटवर्क गेलं, असं नेहमीचंच; साडेसातची वाट बघत बसू नका, बुधवारीच भरून टाका.

मग अॅक्सेप्टन्स लिस्ट, म्हणजे प्रवेश मिळालेल्यांची यादी, लागते. आधी एटीपीवाले, मग आयटीएफच्या क्रमवारीवाले, त्यांच्याखाली राष्ट्रीय क्रमवारीचा आधार. म्हणून आयटाच्या पुरुष गटाच्या बक्षीस स्पर्धा सोडू नका असं मी मागे लागतो. ज्युनिअरच्या गुणांत रमलेला मुलगा पुरुषांच्या यादीत कुठंच नसतो. मुदतीनंतर लोक नावं काढतात तसतशी यादी वर सरकते. कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजार समितीबाहेर गाड्यांची रांग जशी सरकते तशी, तासभर काही नाही आणि मग एकदम पाच-सहा. पहिल्यांदा जाणाऱ्याचं नाव बहुधा अल्टरनेटमध्येच, म्हणजे प्रतीक्षा यादीतच, असतं. अल्टरनेट क्रमांक दहा-बाराच्या आत आणि स्पर्धा रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर असेल तर मी मुलाला पाठवतो. पन्नासावा असेल आणि स्पर्धा ईशान्येकडे असेल तर नाही.

वाइल्ड कार्डसाठी लोक फार धावाधाव करतात, नेत्यांच्या शिफारशी आणतात. मला हा प्रकार आवडत नाही, आणि त्याचा फायदाही वाटतो तितका नसतो. मुख्य ड्रॉत वाइल्ड कार्डवर गेलेला कच्चा मुलगा पहिल्या फेरीत ६-१, ६-० हरतो, १५६ डॉलर घेतो, फोटो टाकतो, संपलं. क्वालिफाइंगचं वाइल्ड कार्ड मिळालं तर मात्र जरूर घ्या. तिथं त्याला आपल्या जवळपासचा प्रतिस्पर्धी भेटतो आणि सामना खेळून शिकता येतो.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं: तो तिथं टिकेल का?

क्वालिफाइंगमधले सामने दोन सेटचे, आणि बरोबरी झाली तर तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा टायब्रेक. मुख्य ड्रॉत तिसरा सेट पूर्ण खेळतात. या १० गुणांच्या टायब्रेकचा सराव आपल्याकडे कुणी करत नाही. क्लबवर मुलं एक सेट खेळतात, अंधार पडतो, घरी जातात. मी गेली बरीच वर्षं शनिवारी सकाळी दोन सेट आणि टायब्रेक, दुपारी जेवण, आणि चार वाजता पुन्हा दोन सेट आणि टायब्रेक असं खेळवतो. कारण पावसानं किंवा उशिरानं कार्यक्रम गडबडला की क्वालिफाइंगमध्ये एकाच दिवशी दोन सामने पडू शकतात. दुसऱ्या सामन्यात मुलाची पहिली सर्व्हिस किती आत पडते ते मोजा. सकाळच्या सामन्यात दहातल्या सहा पडत असतील आणि दुपारी चारवर आल्या, तर अडचण खांद्यात कमी आणि पायांत जास्त आहे. पाय वाकणं बंद झालं की चेंडू जाळीत जातो.

पातळीचा फरक कुठं दिसतो ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही मुलं तितक्याच जोरात मारताना दिसतात. पहिली जागा दुसऱ्या सर्व्हिसची. आपल्याकडची बहुतेक मुलं पहिली सर्व्हिस चुकली की दुसरी नुसती टाकतात, मधोमध, हळू. राज्य पातळीवर समोरचाही तशीच टाकतो म्हणून निभावतं. एटीपीत सातशे-आठशेवर असलेला खेळाडू त्या चेंडूवर दोन पावलं पुढं येऊन उभा राहतो आणि थेट मारतो. याला फिरकी असलेली, उसळणारी, प्रतिस्पर्ध्याच्या बॅकहँडच्या खांद्यापर्यंत जाणारी किक सर्व्हिस हवीच. ती वर्षभराचं काम आहे, महिन्याचं नाही. दुसरी जागा ३०-३० आणि ड्यूस. तिथं वरचा खेळाडू काही चमत्कार करत नाही. तो चेंडू बेसलाइनच्या आत हातभर, मधोमध, खोल ठेवतो आणि तुम्हाला चुकायला लावतो. आपला मुलगा नेमका तिथं लाइनवर मारायला जातो. कोर्टाबाहेर बसून वही घ्या आणि फक्त ३०-३० नंतरचे गुण लिहा, बाकी सोडा. एका सामन्यातून तुम्हाला सगळं कळेल.

तिसरी गोष्ट कोर्टाची, ती खास आपल्या भागाची. तालुक्याचे जुने क्लब, कारखान्यांच्या वसाहती, इथले कोर्ट बहुतेक सिमेंटचे, नाहीतर मुरमाचे. सिमेंटवर चेंडू सरपटतो, खाली राहतो, लवकर येतो. मुलांना छोटा बॅकस्विंग आणि चेंडूवर झटकन जाणं जमतं, हा फायदाच. पण स्पर्धा होतात त्या अॅक्रिलिकच्या हार्डकोर्टवर. त्या रंगात वाळू मिसळलेली असते, चेंडू पकडतो, जरा थांबतो आणि वर उसळतो. कमरेच्या उंचीवर मारायची सवय असलेल्या मुलाला खांद्याच्या उंचीवर मारावं लागतं. पहिला सेट तर सूर सापडण्यातच जातो, आणि क्वालिफाइंगमध्ये सेटच दोन असतात. म्हणून स्पर्धेच्या आधी निदान आठवडाभर नागपूरला रामनगरच्या कोर्टवर किंवा जिथं हार्डकोर्ट मिळेल तिथं सराव हवा. मावशी-आत्याकडे राहू द्या, पण जाऊ द्या. बूटही बदलावे लागतात. सिमेंटवर घासून गुळगुळीत झालेल्या तळव्यांनी तिथं घसरायला होतं. रॅकेट सारख्या वजनाच्या तीन हव्यात, एकाच ताणाचं गटिंग केलेल्या. एकीची तार तुटली की दुसरी घेतल्यावर चेंडू फूटभर लांब जाऊ नये.

उन्हाबद्दल आपल्याकडे एक फुशारकी असते: आमची पोरं ४५ अंशात खेळतात, त्यांना काय होणार! अर्धं खरं आहे. आपलं ऊन कोरडं. घाम येतो आणि उडून जातो, अंग गार राहतं. चेन्नईत किंवा थायलंडमध्ये पारा ३३ वर असतो पण हवा दमट; घाम उडतच नाही, नुसता वाहतो, त्याच्याबरोबर मीठ जातं, आणि दुसऱ्या सेटमध्ये आपल्या दणकट पोराच्या पोटऱ्यांत गोळे येतात. सामन्याच्या आदल्या दिवसापासून मीठ-पाणी नीट हवं, नुसतं साधं पाणी ढोसून उपयोग नाही. बाकी मे महिन्यात दुपारी बारा वाजता कोर्टवर उभं करून मुलाला कणखर करायच्या भानगडीत पडू नका. साडेपाच ते साडेआठ, मग सावली.

सामना खेळण्यातही काही व्यवहार असतात. क्वालिफाइंगमध्ये बरेचदा खुर्चीवर पंच नसतो. आपल्या बाजूच्या लाइनचे कॉल आपणच द्यायचे, सर्व्हिस करणाऱ्यानं प्रत्येक गुणाआधी मोठ्यानं स्कोअर सांगायचा, आणि एक फिरता पंच दोन-तीन कोर्टांवर लक्ष ठेवतो. आपली मुलं इथं मार खातात. भीड असते, इंग्रजी अडखळतं, समोरचा दिल्ली-बंगळूरचा किंवा परदेशी मुलगा ठासून ‘आउट’ म्हणतो आणि आपला मान खाली घालून पुढच्या गुणाला उभा राहतो. हार्डकोर्टवर मातीसारखी खूण राहत नाही, त्यामुळं नंतर वाद घालून काही मिळत नाही. शंका आली की लगेच पंचाला बोलवा, पुढचे गुण तरी नीट होतात. मुलाला घरच्या सामन्यातही मोठ्यानं इंग्रजीत स्कोअर सांगायची सवय लावा. हे फुकटचं प्रशिक्षण आहे आणि त्यातून सेटमागे एखादा गुण वाचतो.

२०२५ पासून आयटीएफनं कोर्टाबाहेरून, गुणांच्या मधल्या वेळात सल्ला द्यायला परवानगी दिली. यामुळं बाप लोकांना फार स्फूर्ती आली आहे. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला तर आणखी येईल. कृपा करून गप्प बसा. गुणांच्या मध्ये २५ सेकंद असतात, त्यात मुलानं श्वास घ्यायचा की तुमचं ऐकायचं?

आणखी एक गोष्ट गंभीर आहे. या खालच्या पायरीच्या स्पर्धांवर जगभरातून सट्टा लागतो. सामना हरला की अनोळखी लोक इन्स्टाग्रामवर आई-बहिणीवरून शिव्या पाठवतात, कारण त्यांचे पैसे बुडालेले असतात. आणि कधी कुणी गोड बोलून विचारतो, एक सेट सोड, इतके देतो. १७ वर्षांच्या, खिशात परतीच्या तिकिटापुरते पैसे असलेल्या मुलाला ती रक्कम मोठी वाटते. असं विचारणं झालं तर ते आयटीआयएला, म्हणजे टेनिसमधले गैरप्रकार तपासणाऱ्या संस्थेला, कळवणं बंधनकारक आहे. नुसतं नाही म्हणून गप्प बसला तरी तो नियमभंग ठरतो. हे घरी बसून बोलून ठेवा. तसंच औषधांचं. गावातल्या जिममध्ये मिळणारी डब्यातली पावडर बंद, आणि सर्दी-खोकल्याचं औषधसुद्धा डॉक्टरांना ‘डोपिंग चाचणी होऊ शकते’ असं सांगूनच घ्यायचं.

दुहेरीबद्दल एवढंच की नाव जरूर द्या. पैसे थोडे, पण एकेरीत रविवारी हरला तर आठवडाभर हॉटेलात बसण्यापेक्षा एखादा सामना मिळतो.

तुमच्या मुलाचं काय करावं, तर मी असा विचार करीन. बारावीची परीक्षा होईपर्यंत एकही एम१५ नाही. तोवर आयटाच्या पुरुष गटाच्या दोन-तीन स्पर्धा, शनिवार-रविवार धरून जमतील त्या, आणि किक सर्व्हिस. ज्युनिअरमध्ये अजून खेळता येतंय तोवर एखादी जे३०, म्हणजे आयटीएफची खालच्या पायरीची ज्युनिअर स्पर्धा, बघा. तिथंही क्वालिफाइंग, पंच, साइन-इन, सगळा व्यवहार शिकायला मिळतो. परीक्षा झाल्यावर महाराष्ट्रात किंवा शेजारच्या राज्यात लागोपाठ दोन आठवडे स्पर्धा असतील तेव्हा दोन्हींत नाव द्या. एकच स्पर्धा खेळायला जाऊ नये. पहिल्या आठवड्यात मुलगा बिचकतो, दुसऱ्या आठवड्यात खेळतो.

आणि कॉलेजचा रस्ता बंद करू नका. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, परत येऊन व्यावसायिक झाली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. पुण्याचा अर्जुन कढेही ओक्लाहोमा स्टेटला शिकला. तिकडं शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या मुलानं आधी किती बक्षीस घेतलेलं चालतं याचे नियम आहेत. तो विचार असेल तर पहिलं चेक घेण्याआधी ते वाचा. समुद्रपूर काय आणि श्रीरामपूर काय, दोन्ही तालुक्याचीच गावं.

नाव दिल्यावर एक पथ्य पाळा. पेपरची तारीख बदलली, ताप आला, मन बदललं, काहीही झालं तरी मुदतीच्या मंगळवारच्या आत नाव ऑनलाइन काढा. उशिरा काढलं किंवा नुसतं गेलाच नाही तर दंड लागतो, आणि दंड भरेपर्यंत पुढच्या एन्ट्री अडकतात. मुलाची अॅक्सेप्टन्स लिस्ट लागली की मला दाखवा. त्याच्या वर-खाली कोण आहेत ते बघितलं की तिकीट काढायचं की नाही ते पाच मिनिटांत सांगता येईल.